बुडी मारण्यापूर्वीची खलबते

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सहलीचा विचार आजवर दोन परिमाणांत मावत आला आहे : घरापासूनचे अंतर आणि मुक्कामाचे भाडे. महाबळेश्वर असो, माथेरान असो वा गणपतीपुळे असो, ही दोन परिमाणे एकदा जुळली की उरलेले वादविषय, म्हणजे खिडकीची जागा कोणाची, सकाळची पहिली आंघोळ कोणाची आणि थर्मासचे झाकण कोणी हरवले, हे प्रवासातच निकालात काढता येतात व बहुधा काढलेही जातात. गेल्या काही वर्षांत मात्र या शास्त्रात पाण्याखालच्या खोलीचे तिसरे परिमाण शिरले असून, पूर्वी एका संध्याकाळी ठरणारी सहल ठरवायला आता दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळही अपुरा पडू लागला आहे. या नव्या प्रकाराला कौटुंबिक स्कुबा सहल असे म्हणतात, आणि तिचा अभ्यास करू पाहणाऱ्याच्या प्रथम लक्षात येणारी गोष्ट अशी, की तिच्यातील पाण्याखालचा भाग अर्ध्या तासात आटोपतो व पाण्यावरचा भाग कित्येक महिने चालतो.

स्कुबा म्हणजे दाबाखाली भरलेल्या हवेचे नळकांडे पाठीवर बांधून, वरच्या जगाशी कोणतीही नळी न जोडता, पाण्याखाली श्वास घेत पोहणे. १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, झाक कूस्तो हा फ्रेंच नौदल अधिकारी आणि एमील गान्यां हा अभियंता या दोघांनी अशी एक झडप सिद्ध केली, की जी माणसाने श्वास ओढताच आणि तो ओढेल तेवढीच हवा, भोवतालच्या पाण्याच्या दाबाशी जुळवून, त्याच्या तोंडात सोडते; या झडपेला आणि तिच्या तोंडात धरायच्या भागाला मिळून रेग्युलेटर म्हणतात. नळकांड्यात असते ती साधी, गाळून घेतलेली हवा, आणि तिच्यात प्राणवायू असतो तो वरच्याइतकाच, म्हणजे २१ टक्के. परंतु ‘ऑक्सिजन लावून समुद्रात सोडतात’ हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे, की स्कुबाचे नाव काढताच घरातील ज्येष्ठ मंडळी जवळच्या रुग्णालयाची चौकशी करू लागतात. कूस्तो आणि गान्यां यांनी श्वासाचा प्रश्न सोडवला. कुठे उतरायचे, कुठे राहायचे आणि आत्याला कळवायचे की नाही, हे प्रश्न त्यांनी पुढील पिढ्यांवर सोपवले.

विवेचनाच्या सोयीसाठी नाशिकचे एक कल्पित नमुना-कुटुंब समोर ठेवता येईल. त्यात बाबा आहेत, ज्यांनी सहलीची कल्पना काढली आणि पुढे प्रत्येक वादात ‘मी कुठे म्हणालो होतो?’ असे विचारले; आई आहे, जिच्या मते कोणत्याही पर्यटनस्थळाची खरी ओळख तिथल्या न्हाणीघरात होते; अकरावीतली मुलगी आहे, जिला मासे पाहण्यापेक्षा मासे पाहताना दिसण्यात अधिक रस आहे; नऊ वर्षांचा मुलगा आहे, ज्याला शार्कच हवा आहे; गुडघेदुखीचे आजोबा आहेत, ज्यांना इतिहास हवा आहे; आणि आजी आहेत, ज्यांना काहीच नको आहे आणि त्यामुळेच ज्यांचे मत निर्णायक ठरते. याखेरीज मालदीवला जाऊन आलेली एक आत्या दूरध्वनीवर सदैव उपस्थित असते. अशा कुटुंबांच्या निरीक्षणातून निघणारा नियम असा, की पाण्यात न उतरणाऱ्याच्या मताला पाण्यात उतरणाऱ्यांच्या मतांपेक्षा अधिक वजन असते, आणि ज्याला पाण्याची सर्वांत अधिक हौस असते त्याला शेवटी फक्त पैसे भरण्याचा अधिकार उरतो.

नमुना-कुटुंबाच्या पहिल्याच बैठकीत या नियमाचा प्रत्यय आला.

“डुबकीच मारायची तर रामकुंड काय वाईट आहे?” आजींनी विचारले. “रिक्षाने जाऊन रिक्षाने परत.”

“अगं आई, रामकुंडात मासे दिसत नाहीत,” बाबा म्हणाले.

“डुबकी मारताना डोळे मिटायचे असतात.”

हा युक्तिवाद शास्त्रोक्त असल्याने त्याला कोणाकडेही उत्तर नव्हते, आणि बैठक पुढील रविवारपर्यंत तहकूब झाली.

मधल्या काळात बाबांनी संगणकावर एक तक्ता तयार केला. त्यात प्रत्येक ठिकाणापुढे हंगाम, प्रवाह, बुडीची खोली, मुक्कामापासून होडीपर्यंतचे अंतर, आणि दृश्यमानता, म्हणजे पाण्याखाली समोरचे किती मीटरपर्यंत दिसते याचे माप, असे स्तंभ होते. पुढे त्यांत न्याहारी धरून की न्याहारीशिवाय, गरम पाणी कितीपर्यंत, आणि उशा किती, हे स्तंभ आईच्या आग्रहाने वाढले. तक्ता पाहण्यासाठी तो आडवा सरकवावा लागू लागला, आणि अखेरीस त्याचीच दृश्यमानता शून्यावर आली. बाबांनी मग तो मोठ्याने वाचून दाखवण्याचा मार्ग पत्करला, परंतु त्यातूनही मतैक्य झाले नाही.

“खोली किती म्हणालास?” आजींनी विचारले.

“बारा मीटर.”

“मग दोन कशाला घेतोस? सगळे एकीत मावतील.”

तक्त्यात पहिले नाव मालवणचे येणे स्वाभाविक होते. या बंदरासमोरच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली, आणि त्याच किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत आज नवख्यांना पहिली बुडी दिली जाते. त्यामुळे आजोबा तटावर आणि सूनबाई तटाखाली अशी कामाची वाटणी करणे शक्य होते. काही किलोमीटर दक्षिणेला तारकर्ली आहे, जिथे राज्य पर्यटन विकास महामंडळाने स्कुबा प्रशिक्षणाची संस्था उभारली आहे, आणि त्याच्या पुढे देवबाग, म्हणजे कर्ली नदी व अरबी समुद्र यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी, जिथे घराच्या पुढच्या दारी समुद्र आणि मागच्या दारी नदी असते. या भूगोलाचा लाभ असा, की तिथली कोणतीही खोली ‘पाण्यासमोरची’ म्हणून भाड्याने देता येते, आणि पाणी कोणते हे पाहुण्याला खिडकी उघडल्यावर समजते.

मालवणला आक्षेप दोन होते. पहिला हंगामाचा : मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किनाऱ्यावरील जलक्रीडा पावसाळ्यामुळे बंद असतात, आणि पाणी सर्वांत निवळ मिळते ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, म्हणजे पाणी निवळ असते तेव्हा शाळा असते आणि शाळा नसते तेव्हा पाणी निवळ नसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. मालवणला रेल्वे स्थानक नाही. कोकण रेल्वेने कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवली येथे उतरून रस्त्याने जावे लागते, आणि कुडाळला आईची मावशी राहते. मावशीकडे उतरल्यास चार दिवस जेवणे, आराम आणि पुन्हा जेवणे यांखेरीज काही होण्याची शक्यता नव्हती. मावशीकडे न उतरता पुढे गेल्यास पुढील तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका परत येण्याचा धोका होता. आणि मावशीला न कळवता जाणे हा तिसरा मार्ग सिंधुदुर्ग जिल्ह्यात आजवर कोणालाही साधलेला नाही. तरीही बाबांनी मालवणच्या एका होडीवाल्याकडे दूरध्वनीवरून चौकशी केली.

“आम्हाला पोहता येत नाही, चालेल का?”

“चालतंय की. सोबत आमचा माणूस असतो.”

“पण बुडणार नाही ना?”

“साहेब, बुडायलाच येताय ना तुम्ही?”

या उत्तरातील तर्क निर्दोष होता. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक कमरेला व नळकांड्याला धरून उथळ पाण्यात फिरवून आणतो, आणि या प्रकाराला चाचणीची बुडी म्हणता येईल. स्वतःच्या जबाबदारीवर बुडी मारायची तर काही दिवसांचा अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवावे लागते, ज्याच्या पहिल्या पायरीवर १८ मीटरपर्यंत आणि पुढच्या पायरीवर ३० मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते. बाबांनी मात्र हे ऐकून घेण्याऐवजी चौघांत एक फुकट मिळेल का, व्हिडिओचे वेगळे पैसे आहेत का, आणि पॅरासेलिंग, बनाना राइड व डॉल्फिनदर्शन यांच्या एकत्रित दरातून डॉल्फिन वजा केल्यास किती पडतील, हे प्रश्न विचारले. शेवटच्या प्रश्नावर पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही.

आजोबांचा ओढा याहून भव्य स्थळाकडे होता. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक प्रवाळपठार आहे, आणि त्याला कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणतात, हे वाचल्यापासून त्यांना दुसरे काही सुचत नव्हते. तिथे उतरायला जमीन नाही, राहायला खोली नाही आणि पठाराचा सर्वांत उथळ भागही सुमारे २० मीटर खोल आहे, हे निदर्शनास आणून दिल्यावरही ते म्हणाले, “आरमाराने असल्या सोयी पाहिल्या असत्या तर इतिहास घडला नसता.” आईने त्यांना आरमारात न्हाणीघरे कुठे असत असे विचारले, आणि तो विषय तिथेच मिटला.

दुसरे मोठे नाव अंदमानचे. तिथल्या पाण्याची निवळता, प्रवाळ आणि माशांची विविधता यांविषयी दुमत नाही. परंतु मराठी कुटुंब अंदमानला निघते तेव्हा त्याच्या निम्म्या सदस्यांना समुद्राखाली जायचे असते आणि निम्म्यांना सेल्युलर जेलमधील स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी पाहायची असते. सावरकरांना १९११ साली तिथे नेण्यात आले, त्या काळी काळ्या पाण्यावर जावे लागू नये म्हणून लोक देव पाण्यात घालत; आज रजा मंजूर व्हावी म्हणून घालतात. नावांचा घोळ हा अंदमानच्या नियोजनातील आणखी एक अडथळा होय. स्कुबासाठी प्रसिद्ध असलेल्या हॅवलॉक बेटाचे नाव २०१८च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झाले, नीलचे शहीद द्वीप झाले, आणि २०२४च्या सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. मात्र जाहिराती जुन्या नावाने, तिकिटे नव्या नावाने आणि आत्याच्या सूचना दोन्ही नावांनी येत राहिल्या.

“दादा, हॅवलॉकला गेलास तर स्वराज द्वीप अजिबात चुकवू नकोस,” ती म्हणाली, आणि बाबांनी तक्त्यात एक ओळ वाढवली.

त्या बेटावर राहायचे कुठे, हा प्रश्न तर बीजगणिताच्या अंगाने गेला, कारण तिथल्या किनाऱ्यांना नावांबरोबर क्रमांकही आहेत : गोविंदनगरचा तीन, विजयनगरचा पाच आणि राधानगरचा सात. सातव्या क्रमांकाचा किनारा बेटाच्या पश्चिमेला असून त्याच्या रुंद पांढऱ्या वाळूची आणि सूर्यास्ताची कीर्ती मोठी आहे. बुडीची बहुतेक केंद्रे मात्र पूर्वेला, तीन व पाच क्रमांकांच्या बाजूला आहेत. म्हणजे सूर्यास्त पाहणाऱ्याला बुडी लांब पडते आणि बुडी मारणाऱ्याला सूर्यास्त. शिवाय पूर्वेकडच्या उथळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी पाणी इतके मागे सरते, की समुद्रासमोरच्या खोलीचे जादा भाडे भरलेल्या गृहस्थाला सकाळी पडदा सारल्यावर खडक, चिखल आणि क्षितिजाशी उरलेली निळी रेघ एवढेच दिसते, आणि समुद्र कोठे नेला याची विचारणा तो व्यवस्थापकाकडे करतो. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते हे त्याला शाळेत शिकवलेले असते; पण तेव्हा भाडे भरलेले नसते.

तरीही अंदमान जवळजवळ ठरले होते. ते फिसकटले सूर्यामुळे. भारतभर घड्याळ एकच असले तरी अंदमान नाशिकच्या बरेच पूर्वेला असल्याने तिथे सूर्य सुमारे सव्वा तास आधी उगवतो, आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. आजींनी हे शांतपणे ऐकून घेतले व हिशेब मांडला : पाचला दिवेलागण, सहाला जेवण, सातला अंथरूण, म्हणजे पहाटे तीनला जाग. “तीनला चहा कोण करून देणार?” या प्रश्नाचे उत्तर तक्त्यातील एकाही स्तंभात नव्हते.

उरलेल्या ठिकाणांचा निकाल लवकर लागला. लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेशपरवाना लागतो, हे ऐकून आजींनी “आपल्याच देशात शिरायला परवानगी? आपण काय केलंय?” असे विचारले. कर्नाटकात मुरुडेश्वरसमोर असलेले नेत्राणी बेट तळ दिसेल अशा पाण्यासाठी नावाजलेले आहे, पण तिथे पोचण्यासाठी होडीत तासा-दीड तासाचा प्रवास करावा लागतो, आणि नमुना-कुटुंबातील दोघांना कसारा घाटातच मळमळते. गोव्यात वास्कोजवळच्या ग्रांद बेटाच्या परिसरात बुडालेल्या जहाजाचे अवशेषही पाहायला मिळतात, तो प्रस्ताव आईने “गोव्याला तुम्ही मासे बघायला गेला होतात, हे तुमच्या कचेरीत कोणाला खरं वाटणार आहे?” एवढे विचारून निकाली काढला. मालदीवचे नाव आत्याने सुचवले होते, म्हणून त्याचा विचार झाला नाही.

अखेर निर्णय कसा झाला, हे या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बाबा तारकर्लीच्या एका घरगुती निवासाच्या मालकिणीशी बोलत असताना आजींनी दूरध्वनी हातात घेतला आणि खोली तळमजल्यावर आहे का, आत कमोड आहे का, आणि बांगडे ताजे असतात का, हे तीन प्रश्न विचारले. तिन्हींना होकार देऊन त्या बाईंनी “येवा, कोकण आपलोच आसा” असे आमंत्रण दिले, आणि आजींनी “ठरलं” म्हणून दूरध्वनी ठेवला. दृश्यमानता, प्रवाह, हंगाम आणि अंतर यांच्या सर्व स्तंभांवर एका बांगड्याने मात केली होती.

मुक्काम ठरल्यावर पुढचा टप्पा नियमांचा. १९६६ साली स्थापन झालेल्या पॅडी या जगभर मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेच्या नियमांनुसार समुद्रातील चाचणीच्या बुडीसाठी वयाची १० वर्षे पूर्ण व्हावी लागतात व अशा बुडीत १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत. ८ वर्षांपासूनच्या मुलांना फार तर तरणतलावासारख्या उथळ पाण्यात २ मीटरपर्यंत उतरवता येते. ज्या मुलाला एसटीच्या फुकट प्रवासासाठी दीर्घकाळ पाच वर्षे पूर्ण होऊ दिली नव्हती, त्यालाच किनाऱ्यावर एकाएकी दहावे पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले. परंतु प्रशिक्षकाने थेट मुलालाच विचारले, आणि मुलाने महिने व दिवस यांसह खरे वय सांगितले. त्याला मग स्नॉर्केल देण्यात आले, म्हणजे पाण्यावर पालथे तरंगत श्वास घेण्याची वाकडी नळी. आणि शार्क उथळ पाण्यातच येतात अशी त्याची समजूत घालण्यात आली, जिच्यामुळे आजी त्या दिवशी घोट्याइतक्या पाण्यातही उतरल्या नाहीत.

यानंतर वैद्यकीय माहितीचा अर्ज आला. त्यात दमा, हृदयविकार, फिट्स, कानाच्या शस्त्रक्रिया, रक्तदाब, धूम्रपान इत्यादींविषयी प्रश्न असतात आणि एखाद्याचेही उत्तर होकारार्थी असल्यास डॉक्टरांची संमती लागते. ज्या गोष्टींची लग्न जमवताना वाच्यता झाली नव्हती त्या या अर्जात प्रथमच लेखी स्वरूपात पुढे येतात, हे त्याचे सामाजिक महत्त्व होय.

“अहो, तुम्हाला रक्तदाबाची गोळी कधीपासून?” आईने विचारले.

“तक्ता करायला घेतला तेव्हापासून,” बाबा म्हणाले.

सुदैवाने डॉक्टरांचे पत्र खिशात निघाले, आणि ते खिशात का ठेवले होते हा प्रश्न आईने संध्याकाळसाठी राखून ठेवला.

आजोबा स्वतः उतरणार नसले तरी प्राणायामाचा दीर्घ अनुभव असल्याने श्वासाविषयी मार्गदर्शन करणे त्यांना कर्तव्य वाटले, आणि त्यांनी बाबांना व सुनेला कुंभक, म्हणजे श्वास आत रोखून धरण्याची क्रिया, महिनाभर शिकवली होती. प्रशिक्षकाचा पहिला नियम असा निघाला, की काहीही करा, पण श्वास रोखू नका. दर १० मीटर खोलीमागे एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर फुप्फुसात भरून घेतलेली हवा वर येताना दुपटीने प्रसरण पावते, आणि ती बाहेर पडू दिली नाही तर फुप्फुसाला इजा होते. बॉइलच्या या नियमापुढे आजोबांनी माघार घेतली नाही. बॉइल अनुलोम-विलोम करत नसावा, एवढेच ते म्हणाले.

कानांचा नियम त्याहून वेगळा. खाली जाताना कानाच्या पडद्यावर येणारा दाब नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारल्याने समतोल होतो. म्हणजे नाक दाबले की तोंड उघडते ही म्हण जमिनीपुरतीच खरी असून पाण्याखाली नाक दाबले की कान उघडतात. चष्म्याचा आणि मिशीचा प्रश्न मात्र कोणत्याही म्हणीने सुटत नाही. डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा चेहऱ्याला हवाबंद बसावा लागतो, आणि मिशी ही त्याच्या रबरी कडेखाली पाण्यासाठी वाट करून देते.

“काढून टाका की मिशी,” आई म्हणाली.

“वीस मिनिटांसाठी?”

“वीस वर्षं मी हेच सांगते आहे.”

व्हॅसलीन लावून तडजोड झाली. त्यानंतर बाबा दर मिनिटाला मुखवट्यातले पाणी नाकातून फुंकून काढत राहिले.

होडीत बसण्यापूर्वी रिकाम्या पोटी समुद्रावर जाऊ नये या आजींच्या आग्रहाखातर सर्वांनी पोहे, घावणे आणि उरलेले घावणे खाल्ले होते, व नांगरलेली होडी चालत्या होडीपेक्षा अधिक डोलते हे कोणाला ठाऊक नव्हते. आलेपाक पर्समध्ये होता आणि पर्स किनाऱ्यावर होती. माशांना त्या दिवशी न्याहारी लवकर मिळाली.

पाण्याखाली बोलता येत नसल्याने तिथे हाताच्या खुणांची एक ठरलेली भाषा आहे : अंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ म्हणजे ‘ठीक आहे’ आणि वर केलेला अंगठा म्हणजे ‘मला वर न्या’. “काय एक होवचा नाय,” असे सांगत प्रशिक्षकाने बाबांना खाली नेले. तिथे रंगीत माशांचा थवा पाहून हरखलेल्या बाबांनी उत्स्फूर्तपणे अंगठा दाखवला, आणि प्रशिक्षकाने त्यांना तत्परतेने वर आणले. वर आल्यावर त्यांनी “फारच छान होतं, वर का आणलंत?” असे विचारले, पुन्हा खाली गेले, आणि कृतज्ञतेने पुन्हा अंगठा दाखवला. बुडीच्या ठरलेल्या वेळेतील बराच भाग त्यांनी अशा रीतीने उभ्या दिशेने व्यतीत केला. घाबरलेला किंवा हातपाय झाडणारा माणूस हवा भराभर संपवतो, त्यामुळे त्यांचे नळकांडे सर्वांत आधी रिकामे झाले.

आईला पोहता येत नव्हते, तिला मासे ओळखता येत नव्हते, आणि ती खाली फार वेळ टिकेल हे कोणी गृहीतही धरले नव्हते. तीच सर्वांत संथ श्वास घेत, सर्वांत अधिक वेळ खाली राहिली. वर आल्यावर काय पाहिलेस असे विचारले असता ती म्हणाली, “पाहिलं काहीच नाही फारसं. कोणी हाक मारत नव्हतं.” समुद्रतळाचे इतके नेमके वर्णन कोणत्याही माहितीपत्रकात आढळत नाही.

मुलीची अडचण प्रकाशशास्त्रीय होती. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते; त्यामुळे खास चित्रीकरणासाठी आणलेला तिचा लालभडक पोशाख खाली करडा दिसला, आणि मुखवटा व रेग्युलेटर लावलेले सर्व चेहरे सारखेच दिसत असल्याने संध्याकाळी हाती आलेल्या पेनड्राइव्हमधील चित्रफीत दुसऱ्याच एका जोडप्याची आहे, हे चित्रफीत सर्व नातेवाइकांना पाठवून झाल्यावर ध्यानात आले. आत्याचा “दादा बारीक झालेला दिसतोय” हा अभिप्राय तोवर येऊन पोचला होता, म्हणून दुरुस्ती कळवण्यात आली नाही. बाबांनी पाहिलेल्या हेकरू माशाचेही असेच झाले. पाण्याखाली वस्तू मुळापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात हे शास्त्र खरे आहे. परंतु मुक्कामावर पोचल्यावरही तो मासा वाढतच गेला, याचे स्पष्टीकरण प्रकाशशास्त्रात मिळत नाही. मुलाला शार्क मात्र मिळाला. मालवणात लहान शार्कला मोरी म्हणतात, आणि रात्रीच्या जेवणात मोरीचा मसाला होता.

बुडीनंतर शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा असे सांगतात. विमान घ्यायचे नसल्याने हा नियम आपल्याला लागू नाही असे म्हणून बाबांनी त्याच संध्याकाळी आंबोली पाहून यायचा बेत केला होता. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच असून तेवढ्या उंचीवर जातानाही हाच विचार करावा लागतो, हे प्रशिक्षकाने समजावल्यावर संध्याकाळ मोकळी झाली आणि कुटुंब मालवणच्या बाजारात गेले. तिथे काजूच्या दुकानात कुडाळची मावशी उभी होती.

“कधी आलात?” तिने विचारले.

या प्रश्नाचे सुरक्षित उत्तर आजवर कोणत्याही प्रशिक्षण संस्थेने तयार केलेले नाही. सहलीचे उरलेले दिवस कुडाळला जेवण्यात गेले.

सारांश एवढाच, की कौटुंबिक स्कुबा सहलीचे नियोजन करू इच्छिणाऱ्याने तक्ता करण्यात आयुष्य घालवू नये. बुडीची जागा आणि वेळ प्रशिक्षकावर सोपवावी, कारण समुद्र त्या दिवशी कसा आहे हे त्यालाच ठाऊक असते. वैद्यकीय अर्जात खरे लिहावे. मिशी असल्यास व्हॅसलीन आणि नसल्यास समाधान बाळगावे. परतीच्या आधीचा पूर्ण दिवस कोरडा ठेवावा. राहण्याचे ठिकाण, जे पाण्यात उतरणार नाहीत त्यांना विचारूनच ठरवावे, कारण चोवीस तासांपैकी साडेतेवीस तास सर्वांना त्यांच्यासोबत काढायचे असतात. आणि वाटेत मावशी राहत असेल तर तिला पहिला दूरध्वनी करावा.